येसोबाब पोदेराला विचारतात

आम्ही पेडण्याला राहायला आलो त्याच्या दुसऱ्याच सकाळी कुंपणापलीकडून एक गृहस्थ माझ्याकडे बघत उभे होते. अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, लुंगी, चष्म्याची एक काडी सुतळीने बांधलेली. नवा शेजारी आला की माणसं नाव विचारतात, गाव विचारतात, गोव्यात असाल तर देव कुठला तेही विचारतात. यांनी यातलं काहीच विचारलं नाही.

"मास्तर, आदी रावत होतात थंय पाव कोण घालतालो?"

मी हायस्कुलात मराठी शिकवतो हे त्यांना आधीच कळलेलं होतं. बाकीचं त्यांना पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, कळून घ्यायचं होतं. मी आधीच्या गावच्या पोदेराचं नाव सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि घरात गेले. आठवडाभराने कुंपणावरून एक फणस आला, तेव्हा माझी चौकशी पुरी झाली असून मी पास झालो आहे असं समजलो. फणस बरका निघाला, तेव्हा गुण जेमतेमच पडले असावेत.

हे येसोबाब परब. पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या पंचायतींत सेक्रेटरी म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. पण सेक्रेटरी म्हणून त्यांना फारसं कोणी ओळखत नसे. दोन्ही तालुक्यांत त्यांची ख्याती होती ती चौकशीसाठी. कोणाच्या मुलीला स्थळ आलं की बाप पहिल्यांदा येसोबाबांच्या सोप्यावर येऊन बसायचा. येसोबाब मुलाचं नाव विचारायचे नाहीत, पगार विचारायचे नाहीत. घर कुठे आहे तेवढं नीट समजून घ्यायचे आणि "बगतंय" म्हणायचे. मग एका सकाळी अंधार असतानाच ते बाहेर पडलेले दिसत, आणि परतल्यावर निकाल लागे. निकाल दोनच प्रकारचे. "हरकत नाय" किंवा "रावया". रावया म्हणजे थांबूया, आणि त्यांनी थांबूया म्हटलेलं स्थळ पुढे कधी चाललं नाही.

त्यांची पद्धत अशी की ते फक्त पोदेराला विचारायचे. पोदेर म्हणजे सायकलला पाट्या बांधून, भोंपू वाजवत दारोदार पाव घालणारा. "नातेवायक फट मारतले, खोटां सांगतले," ते मला एकदा सांगत होते. "शेजारी दोन प्रकारचे, एक गोड सांगतलो, एक कडू सांगतलो. भट तर दक्षिणा घेतां. पोदेर मात्र सकाळीं दारांत उबो आसता. लोकांनी तोंडां धुवूक नाय, केस बांदूक नाय. त्या वेळार मनीस जसो आसता तसोच आसता."

यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं. मी स्वतः त्या वेळी कसा असतो ते मला ठाऊक होतं, आणि आमचा पोदेर इनास रोज मला तसा बघत होता. मी दुसऱ्या दिवसापासून सदरा घालून दार उघडू लागलो. इनासने ते येसोबाबांना सांगितलंच.

हरमलच्या एका स्थळाची गोष्ट पेडण्यात अजून सांगतात. खोल्या भाड्याने देणारं घर, मुलगा देखणा, गाडी दारात. येसोबाब जाऊन आले आणि म्हणाले, "रावया." मुलीचा बाप पाया पडायचाच बाकी राहिला, पण कारण सांगतील तर ते येसोबाब कसले. कारण ते कधीच कोणाला सांगत नसत. कारण सांगितलं की माणूस त्याच्याशी भांडत बसतो, असं त्यांचं मत होतं. मला मात्र पुढे बऱ्याच काळाने एकदा कुंपणाशी हळूच म्हणाले, "मुलाची आवय रोज सगळे उंडे चेपून बगता. मागीर पयलो चेपलेलो उंडोच घेता." उंडे म्हणजे गोल पाव; मुलाची आई ते सगळे दाबून बघायची आणि शेवटी पहिलाच घ्यायची, एवढ्यावर त्यांनी लग्न मोडलं. मला हे अतीच वाटलं, आणि मी तसं बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "मास्तर, त्या घरांत सून जावची आसा, उंडो नाय." पुढे आठवडाभर आमच्याकडे कोणीही पाव चेपला नाही.

मी शेजारी आलो तोवर हे सगळं खरं तर बंद पडलेलं होतं. हरमलची गोष्ट त्याआधीची. मी आल्यानंतरही लोक येत, सोप्यावर बसत, येसोबाबांच्या पत्नी, आमच्या काकी, चहा देत, आणि येसोबाब म्हणत, "मी आतां चौकशी करणंय नाय." का, ते सांगत नसत. त्याचं कारण घरातच होतं आणि ते रोज सकाळी स्कूटरवर बसून हरमलला जायचं.

सुलक्षा ही त्यांच्या भावाची मुलगी. आईबाप लवकर गेले, तेव्हा लहानपणापासून येसोबाब आणि काकींनीच वाढवलेली. रसायनशास्त्र शिकली आणि डिचोलीकडच्या एका खाणीच्या प्रयोगशाळेत लागली. लाल मातीतलं लोखंड मोजायचं काम. तिला स्थळ आलं तेव्हा येसोबाबांनी कधी केली नव्हती इतकी चौकशी केली. एकदा जाऊन समाधान झालं नाही म्हणून पुन्हा गेले. त्या गावचा पोदेर म्हणाला, "एकदम बरें घर. कदीं आवाज म्हणून नाय. इतकीं वर्सां पाव घालतां, वयर सूर आयकूंक नाय." येसोबाब घरी येऊन "हरकत नाय" म्हणाले, आणि त्या दिवशी स्वतः बाजारात जाऊन मोठा इसवण मासा घेऊन आले असं काकी सांगतात.

पोदेराने सांगितलं ते अक्षरशः खरं होतं. त्या घरात आवाज नव्हता, कारण त्या घरात कोणी कोणाशी बोलतच नव्हतं. सासरा सासूशी बोलत नव्हता, नवरा दोघांशी बोलत नव्हता, आणि सुलक्षा गेल्यावर तिच्याशी न बोलणारी माणसं तीन झाली. मारहाण नाही, छळ नाही, जेवण वेळेवर. ती तिथे काही वर्षं राहिली, आणि एका संध्याकाळी बॅग घेऊन परत आली. काकींनी विचारलं काय झालं. ती म्हणाली, "कांय नाय जालां." यापेक्षा नेमकं उत्तर तिला देता आलं नसतं.

त्याच सुमारास खाण बंद पडली. परत आलेल्या सुलक्षाला प्रयोगशाळाही राहिली नाही. हरमलला एका गेस्ट हाऊसमध्ये ती पर्यटकांना किल्ल्या देऊ लागली आणि गरम पाणी का येत नाही याची उत्तरं देऊ लागली. येसोबाबांनी चौकश्या सोडल्या. घरात तिघं, पण तिघंही एकमेकांना सांभाळून इतकं हळू बोलत की कुंपणापलीकडे मला काही ऐकू येत नसे. शेजारी म्हणून मला ते सोयीचं होतं, पण माणूस म्हणून वाईट वाटायचं.

असं बरंच चाललं. मग एका रविवारी मी त्यांच्या सोप्यावर बसलो होतो, आणि सुलक्षा आतून फोन हातात घेऊन आली. पस्तिशी ओलांडलेली, किल्ल्या देऊन देऊन चेहऱ्यावर एक कायमचं नम्र हसू बसलेली. म्हणाली, "काका, एक चौकशी करतलात?"

येसोबाबांनी सुपारी कातरायची थांबवली. काकी दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं स्थळ.

स्थळ नव्हतं. डिचोलीला नूतन नावाची एक बाई होती, ती करिअर कोच होती. नोकरी बदलायची आहे, पण काय करावं कळत नाही, अशा माणसांबरोबर ती काही महिने काम करायची. सुलक्षाची ओळखीची बोलणी एकदा फोनवर झाली होती. पुढे जायचं की नाही हे तिला ठरवता येत नव्हतं.

"कोच?" काकी म्हणाल्या. "ती कित्यां फुटबॉलाची?"

"नाय गो काकी. कामाचें सांगता."

"काम खंय आसा ता सांगता?"

"ताय सांगणा नाय."

"मगे सांगता कित्यां?"

"सांगणाच नाय. विचारता."

काकी आत गेल्या. विचारायचे पैसे घेणारी बाई त्यांच्या हिशेबात कुठेच बसत नव्हती, आणि खरं म्हणजे माझ्याही बसत नव्हती. येसोबाबांनी मात्र पहिल्यांदा मान वर केली. विचारणं हा त्यांचा धंदा होता.

"तुका कित्यां विचारलां तिणां?"

"म्हणाली, काम करताना तुका शेवटचां बरां केन्ना वाटलां."

"मगे? तुयां कित्यां सांगलंस?"

"आठवलां नाय," ती म्हणाली. "अर्दो दिवस आठवत ऱ्हवलंय. आठवलांच नाय."

मी चहाच्या कपात बघू लागलो. येसोबाबांनी अडकित्ता खाली ठेवला. त्यांना विचारायला ही पोर आली होती हेच मला नवल वाटत होतं. ज्या माणसाच्या एका "हरकत नाय"ने तिची ती वर्षं गेली, त्याच्याकडेच ती पुन्हा निकाल मागत होती. आणि हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

"बगतंय," ते म्हणाले.

पोदेर गाठायचा तर डिचोलीला उजाडायच्या आत पोचायला हवं, आणि येसोबाबांना गाडी चालवता येत नव्हती. तेव्हा गाडी माझी, झोपही माझीच. नूतनबाईंच्या आळीत आम्ही एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. दोन मोठी माणसं पहाटेच्या वेळी कोणाच्या तरी घराकडे टक लावून बसली आहेत, हे बघून एका कुत्र्याला आमचा संशय आला आणि तो सबंध वेळ आमच्यावर भुंकत राहिला. मला त्याचं म्हणणं पटत होतं.

भोंपू वाजला. पोदेर मध्यम वयाचा, मूळचा धारवाडकडचा, पण इतकी वर्षं इथे पाव घातल्यामुळे कोकणी अस्खलित. येसोबाबांनी दोन उंडे घेतले, चेपले नाहीत, आणि सहज विचारल्यासारखं करून त्या घराकडे बोट दाखवलं.

"तें घर?" पोदेर म्हणाला. "थंय रोज झगडीं."

येसोबाबांचा चेहरा उतरलाही नाही आणि उजळलाही नाही. "झगडीं कोणाचीं?"

"बाय आनी तिच्या घोवाचीं. सकाळीं सकाळीं. हांव पाव दितां आनी तीं एकामेकांक सांगतात, म्हजें उलोवणें पुराय जावंक दी." म्हणजे, माझं बोलणं पुरं होऊ दे.

"रोज?"

"रोज."

"आयताराक?" रविवारी तरी, असं त्यांना विचारायचं होतं.

"आयताराक चड. सुटी न्हय?"

"मागीर?"

"मागीर हासतात. मागीर परत झगडतात. माकाय मदीं ओडटात."

"तुका कशे?"

पोदेराने सायकल स्टँडला लावली. गोष्ट सांगण्यासारखी होती. "बायन एक दीस माका विचारलें, तूं भरिल्ली पाटी घेवन पयलीं चडाव कित्याक चडटा? हांवें म्हणलें, म्हजो पयलीचो मालक असोच वतालो. ती म्हणाली, ताचेकडेन सायकल आशिल्ली? हांवें म्हणलें, ना, मोटरसायकल."

"आनी?"

"आनी कांय ना. ती इतलेंच विचारून भितर गेली. हांव दोन दीस चिंतीत रावलों. आतां चडाव निमाणो चडटां, पाटी रिकामी जातकीच." निमाणो म्हणजे सगळ्यात शेवटी. त्याने गुडघ्यावर थाप मारली. "इतलीं वर्सां कोणें विचारूंकूच नाशिल्लें."

परतताना धारगळला हायवेच्या कडेला चहाला थांबलो. येसोबाबांनी उंडा चहात बुडवला आणि तो विरघळून पडेपर्यंत तसाच धरून ठेवला.

"मास्तर, माका भंय दिसता," ते म्हणाले. हा माणूस असं बोलू शकतो हे मला माहीत नव्हतं. "तेन्ना आवाज नाय म्हणान बरां म्हटलां. आतां आवाज आसा म्हणान बरां म्हणूं? ता चुकलां म्हणान हां बरोबर जाता असां थोडांच आसा?"

मी मराठीचा शिक्षक आहे. विद्यार्थ्याने अवघड प्रश्न विचारला की घंटा होते, त्या भरवशावर माझं आयुष्य गेलं आहे. धारगळला घंटा नव्हती. मी म्हणालो, "मला नाही सांगता येत, येसोबाब."

"माकाय नाय येणां," ते म्हणाले, आणि कपाच्या तळातला पाव चमच्याने खाल्ला.

संध्याकाळी सुलक्षा हरमलहून आली. हेल्मेट काढून सोप्यावरच टेकली. येसोबाबांनी मला हाक मारून बोलावून घेतलं होतं. साक्षीदार लागतो म्हणे. काकी उंबऱ्यावर बसल्या. सगळ्यांना ठाऊक होतं की आता दोन शब्दांपैकी एक येणार.

तो आला नाही. येसोबाबांनी पोदेराने सांगितलेलं सगळं, जसंच्या तसं, कुत्र्यासकट सांगितलं. झगडीं, आयताराचीं चड झगडीं, चढाव, मोटरसायकल. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी चौकशी मागणाऱ्यालाच कारणं सांगितली आणि निकाल सांगितला नाही. मग सुलक्षाकडे न बघता म्हणाले, "त्या घराचेंय पोदेरान सांगलेलां. कदीं आवाज येना म्हणान. ता माका बरां वाटलां. मी तुका सांगूक नाय. फकत हरकत नाय म्हटलां. सांगलां आसतां तर तुयां विचारलां आसतां, आवाज कित्याक येना."

सुलक्षा म्हणाली, "विचारलां आसतां."

त्यात राग नव्हता. नुसती एक खरी गोष्ट सांगावी तसं ती म्हणाली. येसोबाबांनी चष्मा काढला, सुतळी बांधलेली काडी उगाच घट्ट केली, आणि पुन्हा घातला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायला चष्मा अपुरा होता.

"मगे काका, आतां तुमी सांगा. करूं?"

"नाय. आतां तू सांग."

ती बराच वेळ हेल्मेटच्या पट्ट्याशी खेळत बसली. आत कुकरची शिट्टी झाली आणि काकी उठल्या नाहीत. मग सुलक्षा म्हणाली, "हरकत नाय."

पुढचे काही महिने नूतनबाईंशी तिची बोलणी सोप्यावरच व्हायची, कारण घरात रेंज नव्हती. येसोबाब आत खिडकीपाशी सुपारी कातरत बसायचे. त्या काळात त्यांनी एवढी सुपारी कातरली की ती शेवटी आम्हालाही वाटावी लागली. नूतनबाईंचे प्रश्न ऐकून ते अधूनमधून पसंतीचा हुंकार देत, आणि सुलक्षा फोनवर हात ठेवून "काका, परसांत वचा" म्हणून ओरडायची. सुरुवातीला ती हे हळू म्हणायची. नंतर मला कुंपणापलीकडे स्पष्ट ऐकू येऊ लागलं. एकदा नूतनबाईंनीच त्यांच्याशी बोलायची इच्छा दाखवली. येसोबाबांनी फोन दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाले, "तुमचो पोदेर बरो आसा." पलीकडून काही विचारणा झाली असावी, कारण फोन परत देऊन ते परसात निघून गेले. काय विचारलं ते मला कधीच सांगितलं नाही.

बरं केव्हा वाटलं होतं, तेही सुलक्षाला आठवलं. एकदा खाणीतला एक नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेने वेगळा काढला होता, आणि हिने हट्ट धरून पुन्हा तपासायला लावला होता. हिचाच बरोबर निघाला. म्हणजे तिला बरं वाटलं होतं ते भांडताना. हे शोधायला एवढे महिने का लागावेत, असं काकींचं म्हणणं पडलं. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी लहानपणचंच सांगितलं असतं. सुलक्षाने अर्ज केले, काही ठिकाणी नाही म्हणाले, आणि मग कोल्हापूरला पाण्याचे नमुने तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत तिला काम मिळालं. निघायच्या आधी येसोबाबांनी कोल्हापूरच्या पोदेराची चौकशी केली. तिथे पोदेर नसतो हे ऐकून दोन दिवस जेवले नाहीत, तिसऱ्या दिवशी म्हणाले, "जाऊं दी. तू आसंच मगे. तूच सांग."

पुढच्या वर्षी माझी बदली झाली आणि आम्ही पेडणं सोडलं. सामानाची गाडी यायची होती त्या सकाळी मी शेवटचा म्हणून कुंपणाशी उभा राहिलो होतो. समोरच्या सोप्यावर येसोबाब बसले होते. चष्मा तोच, सुतळी नवी. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केलेला, आवाज पूर्ण मोठा केलेला, आणि फोनमधून सुलक्षा ओरडत होती.

"काका, तुमी गुळयो घेवक नाय! काकीन माका सांगलां!"

"घेतल्यो!"

"केन्ना?"

"कित्याक सांगूं? तू डॉक्टर?"

"माजां बोलणां पुरां जावंक दी!"

"पयलां माजां पुरां जावंक दी!"

काकी आतून दोघांनाही काहीतरी सुनावत होत्या. फाटकाबाहेर इनास सायकल धरून उभा होता. एक हात भोंपूच्या रबरावर, पण दाबत नव्हता. मी जवळ गेलो तर त्याने बोट ओठांवर ठेवलं.

"रोज असो रावतां," तो हळूच म्हणाला. "तांचें जावंक दी."

ते लवकर होण्यासारखं नव्हतं. त्या दिवशी आमचा पाव उशिरा आला.